तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एजरनर्स’ बघावी का?

‘अ‍ॅनिमे बघायचंय, पण शेकडो एपिसोड कोण बघत बसणार? छोटी, मारधाडीची एखादी सांगा ना.’ असं कुणी विचारलं की मी ‘सायबरपंक: एजरनर्स’ सुचवतो. मग बघून झाल्यावर तीच मंडळी परत येतात: ‘एवढी छान चालली होती, शेवटी अशी धावतपळत का गुंडाळली?’ दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकदमच देतो. पुढे शेवट फुटणार आहे, एवढं लक्षात घ्या.

सप्टेंबर २०२२मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही १० भागांची सीरिज, सगळी मिळून चारेक तासांची. स्टुडिओ ट्रिगरची, दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी. ‘सायबरपंक २०७७’ या पोलिश गेमच्या जगात ती घडते, पण गेम खेळला नसेल तरी काही अडत नाही.

पहिला भाग तर नमुना म्हणून दाखवावा असा आहे. नाइट सिटी हे शहर कंपन्यांच्या मुठीत आहे, हे कुणी भाषण करून सांगत नाही. घरातलं वॉशिंग मशीन पैसे भरले नाहीत म्हणून अडून बसतं. शाळकरी नायक डेव्हिड आणि त्याची आई ग्लोरिया टोळीयुद्धात सापडून रस्त्यावर पडलेले असतात. ट्रॉमा टीम, म्हणजे पैसे भरणाऱ्यांनाच वाचवणारी खासगी रुग्णसेवा, उडत्या गाडीतून उतरते आणि हे आपले ग्राहक नाहीत असं बघून दोघांना तिथेच टाकून जाते. बास, शहर कळलं.

मग येतं सँडेविस्टान, पाठीच्या कण्यावर बसवायचं लष्करी यंत्र. ते चालू केलं की डेव्हिड एवढा वेगवान होतो की बाकीचं जग थिजल्यासारखं वाटतं. हे दाखवायची युक्ती मला अजून भुरळ घालते. तो धावत नाहीच. त्याच्या स्थिर आकृत्यांची रंगीबेरंगी रांग मागे उमटत जाते. जपानी टीव्ही अ‍ॅनिमेशनमध्ये चित्रं वाचवण्याची काटकसर जुनीच, पण इथे त्या काटकसरीतूनच वेग दिसतो.

आणि मेन. डेव्हिड ज्या भाडोत्री टोळीत शिरतो तिचा हा म्होरक्या अंगात यंत्रामागून यंत्र बसवत जातो, हात थरथरायला लागतात, कुठल्या तरी जुन्या वाळवंटात त्याचं मन भरकटतं. सहाव्या भागात सायबरसायकोसिसने, म्हणजे अंगात यंत्रं अति झाल्याने येणाऱ्या वेडाने, त्याचा ताबा पुरता सुटतो तेव्हा आपण हादरतो, कारण ही घसरण आपल्या डोळ्यांदेखत झालेली असते.

सातव्या भागात मात्र मध्ये बराच काळ उलटून गेलेला असतो. शाळकरी डेव्हिड आता धिप्पाड, टोळीचा नायक, अंगभर लोखंड. हा बदल कसा झाला? तो दिसतच नाही. चाहते म्हणतात, पोराचं आयुष्यच भरधाव, मग गोष्टही तशीच हवी. मला हे पटत नाही. मेनसाठी जे केलं तेच नायकासाठी करायला हवं होतं. पहिलं यंत्र बसवताना त्याची नड होती. दहावं का बसवलं, तो क्षण मला बघायचा होता.

टोळीतली हॅकर आणि डेव्हिडची प्रेयसी ल्यूसी, तिच्यावरचा अन्याय तर त्याहून मोठा. डेव्हिडच्या मागावर असलेल्या, अरासाका या बलाढ्य कंपनीच्या नेटरनर्सना (हॅकर्सना) ती त्याच्या नकळत मारत असते. उत्तरार्धातलं सगळ्यात चांगलं कथानक हेच, आणि त्याच्या वाट्याला काही मिनिटं येतात. पुढे तिला फॅरेडे पळवून नेतो आणि ती सोडवून आणायची वस्तू होऊन बसते. हा फॅरेडे म्हणजे सूटमधला दलाल, त्याचा धाक काही वाटत नाही. टोळीतल्याच कीवीची दगाबाजीही अशीच, कथेला हवी होती म्हणून झालेली. अ‍ॅडम स्मॅशर (शेवटी येणारा अरासाकाचा यंत्रमानवी मारेकरी) हे नाव गेमवाल्यांना जुनं; नव्या प्रेक्षकाला तो आभाळातून पडल्यासारखाच वाटतो.

टोळीतल्या रेबेकाचं मरण अर्ध्या सेकंदात उरकतं, यावर अनेकजण चिडतात. मला ते योग्य वाटलं. त्या शहरात निरोपाचं भाषण करायला सवड कुणाला मिळते?

थोडक्यात, १० भाग कमी पडले असं मी म्हणणार नाही. नवव्या-दहाव्या भागातली अजस्र चिलखती हाणामारी थोडी कापली असती तरी डेव्हिड-ल्यूसीला पुरेशी जागा मिळाली असती. इमाइशींना मोठं, आणखी मोठं करायचा मोह आवरत नाही, त्यांच्या जुन्या ‘गुरेन लगान’ मालिकेपासून. तिथे तो मोह हाच विषय होता, इथे तो आड येतो.

तर बघाच, पण हॉलमधल्या टीव्हीवर सगळ्यांसमोर नको. नग्नता आणि रक्त, दोन्ही भरपूर आहे. २०२५मध्ये ‘एजरनर्स २’ जाहीर झाली, नव्या कथेची. ती करतोय काइ इकाराशी, तोच ज्याने मूळ मालिकेचा सहावा भाग दिग्दर्शित केला होता.