शहरातला पैसा आला की गावात घर कुणाला मिळतं?

गावातलं पडीक घर शहरातल्या माणसाने विकत घेतलं की आधी सगळ्यांना बरंच वाटतं. छप्पर नीट होतं, गवंड्याला सुताराला काम मिळतं, आणि हे खरंच चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण अशी घरं वाढत गेली की भाव गावातल्या कमाईवर ठरायचा थांबतो आणि शहरातल्या पगारावर ठरायला लागतो, तिथे शेतमजुराच्या, ड्रायव्हरच्या, नर्सच्या पोरांचं गणितच कोलमडतं. त्यांना कुणी जा म्हणत नाही हो. लग्न झालं, वेगळं घर हवं, गावात परवडत नाही, मग लांब कुठेतरी स्वस्तात भाड्याने राहायचं आणि रोज आपल्याच गावात कामाला यायचं, ते पण बऱ्याचदा त्याच नव्या घरांची साफसफाई नाहीतर बागकाम करायला.

हे आजचं नाही. रे पाल या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच लंडनजवळच्या हर्टफर्डशरमधल्या गावांबद्दल लिहिलं होतं, की नोकरीसाठी शहरात ये-जा करणारे मध्यमवर्गीय तिथे राहायला आले आणि गावातली वर्गांची मांडणीच बदलली.

मला जास्त लागतं ते पुढचं. नवीन माणसाला शांत, हिरवं गाव हवं असतं आणि ज्यांचं पोट त्या गावावर चालतं त्यांचा आवाज, शेणाचा वास, ट्रॅक्टर नको असतो. फ्रान्सच्या ओलेरॉन बेटावर मोरीस नावाच्या कोंबड्याच्या आरवण्यावरून शेजारी कोर्टात गेले, ते तिथे सुट्टीपुरते येणारे. २०१९ मध्ये कोर्टाने कोंबड्याच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२१ मध्ये गावाकडचे आवाज-वास हा वारसा आहे असा कायदाच करावा लागला! लोक ही बातमी गंमत म्हणून सांगतात, मला त्यात गाव कुणाच्या मर्जीने चालणार हा सरळ वर्गाचा प्रश्न दिसतो.

उपाय झालेत, नाही असं नाही. स्वित्झर्लंडने २०१२ मध्ये मतदान घेऊन प्रत्येक गावात सेकंड होम, म्हणजे कायम न राहणाऱ्यांची दुसरी घरं, एकूण घरांच्या २० टक्क्यांवर जाऊ नयेत असं ठरवलं. इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्जने २०१६ मध्ये नवीन बांधलेली घरं कायम राहणाऱ्यांसाठीच ठेवली, पण जुन्या घरांना तो नियम नाही, मग पैसेवाला जुनं घर घेणार हे उघड आहे.

म्हणून मला कम्युनिटी लँड ट्रस्ट, म्हणजे स्थानिक लोकांनीच मिळून चालवलेला जमिनीचा ट्रस्ट, जास्त पटतो. जमीन ट्रस्टकडेच राहते, घर विकलं तरी किंमतीला मर्यादा असते, त्यामुळे पुढच्या कुटुंबालाही ते परवडतं. यातला पहिला मानला जातो तो ट्रस्ट १९६९ मध्ये अमेरिकेत जॉर्जियाच्या ग्रामीण भागात कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठीच उभा राहिला होता. अर्थात जमीन आधी मिळायला हवी, आणि ती भाव चढायच्या आत घेतली तरच जमतं, नंतर ट्रस्टलाही परवडत नाही. त्यामुळे पहिली दोन-चार घरं विकली जात असतानाच गावाने बसून हे ठरवायला पाहिजे.