चित्रातली पवनचक्की शोधताना

पवनचक्की म्हटलं की आम्हा सातारकरांना चाळकेवाडीचं पठार आठवतं. तिथे नावातच काय ती चक्की, दळण घेऊन कोणी जात नाही. नेदरलँड्सला जायचं ठरलं तेव्हा दळणाची चक्की बघायचीच होती. पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या किंडरडाइक गावची गर्दी टाळली आणि एका चित्राचा माग काढला.

चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. याकोब फान राउस्डालनं १६७० च्या सुमारास काढलेली वाइक बाय ड्यूरस्टेडे गावची पवनचक्की. कॅनव्हास जेमतेम मीटरभर रुंद, पण चक्की थेट ढगांना भिडलेली. पाण्यात शिडाची होडी, वाटेवर तीन बायका. मी रेंगाळलो ते काठावर ठोकलेल्या लाकडी खुंटांपाशी. इतकं बारीक काढणारा माणूस तिथे नक्की उभा राहिला असणार! तिकीट वेळ निवडून आधीच ऑनलाइन काढा, सकाळी नऊला उघडताच आत शिरा. मोठी बॅग नेऊ देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उत्रेख्तपर्यंत ट्रेन, पुढे बस. आपलं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं, मात्र चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा मशीनला लावायचं. मी उतरताना विसरलो, जादा पैसे कापले गेले.

गावात शिरल्यावर चक्की दिसली आणि मी अर्धा तास फोटो काढत बसलो. मग मोबाईलमधलं चित्र शेजारी धरलं, तर काही जुळेना. हिच्या खाली चक्क वेशीची कमान, रस्ता आरपार! ही ‘राइन एन लेक’, १६५९ ची. राउस्डालची समजून पुष्कळ जण हिच्यापाशीच फसतात. त्याची चक्की केव्हाच गेली, उरलं ते जोतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या देशात सुमारे १०,००० पवनचक्क्या होत्या. वाफेची इंजिनं आली, मग वीज आली. आज १,२०० च्या आसपास उरल्यात. आतून बघायची असेल तर निळी पताका लावलेली चक्की शोधा, म्हणजे ती पाहुण्यांना खुली असते. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी गेलात तर उत्तमच, तेव्हा देशभर पवनचक्की दिन असतो. नदीकाठी वारा झोंबतो, विंडचीटर हवाच.

काठावर पुन्हा मोबाईलमधलं चित्र उघडून बघितलं. किल्ला सापडला, चर्चचा मनोरा सापडला, नदी तर समोरच होती. चक्की तेवढी मोबाईलमध्येच.