नागपूरहून शहीद द्वीप: एक दिवस, दोघं आणि भरतीचा तक्ता

अंदमानातल्या शहीद द्वीपला पोर्ट ब्लेअरहून एका दिवसात जाऊन परत येता येतं आणि दोघांना तो दिवस निवांत मिळतो. फक्त त्याची आखणी उलटीकडून करावी लागते. आपण नागपूरकर सवयीने आधी विमानाची तिकिटं काढतो, मग हॉटेल, मग बोट. समुद्राचा विचार थेट वाळूवर पाय ठेवल्यावर. मी क्रम असा ठेवते: आधी भरती-ओहोटीचा तक्ता, मग बोट, शेवटी विमान.

नावांचं आधी सांगते, कारण तिकीट काढताना गोंधळ तिथेच होतो. नील बेटाचं नाव २०१८ मध्ये शहीद द्वीप झालं, हॅवलॉकचं स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. जुनी आणि नवी नावं दोन्ही अजून चालतात, त्यामुळे एकाच बोटीचं वेळापत्रक एके ठिकाणी नील म्हणून, दुसरीकडे शहीद द्वीप म्हणून दिसेल.

आता तक्ता. समुद्र दिवसातून दोनदा भरतो, दोनदा ओसरतो आणि ही वेळ रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती: चढही थोडा, उतारही थोडा. बेटावरचा नैसर्गिक दगडी पूल बघायचा तर पाणी चांगलं खाली गेलेलं हवं. पोहायचं तर उलट, पाणी निम्म्याच्या वर हवं. एका दिवसात दोन्ही साधायचं असेल तर तारीख तिथी पाहूनच धरावी लागते.

हिशेब असा करायचा. समजा तक्त्यात पौर्णिमेच्या दिवशी ओहोटी दुपारी चारला दाखवली आहे. ती आपल्या कामाची नाही, कारण तेव्हा आपण परतीच्या बोटीच्या रांगेत असणार. तीन दिवस मागे या. ओहोटी दीड-दोनच्या आसपास येते आणि उधाण जवळ असल्यामुळे पाणीही बऱ्यापैकी खाली जातं. आणखी दोन-तीन दिवस मागे गेलात तर वेळ सकाळकडे सरकेल, पण भांग लागल्यामुळे पाणी पुरेसं ओसरणार नाही. म्हणून त्या मधल्या दोन-तीन तारखा पकडायच्या. सरकण्याचा वेग रोज सारखा नसतो, उधाणाच्या आसपास पन्नासहून कमी, भांगाच्या आसपास जास्त. तेव्हा अंदाज तिथीवरून घ्या आणि पक्की वेळ तक्त्यातूनच पाहा.

कोकणातले नातेवाईक तिथीच्या पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतात. तो हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे, अंदमानला तो लागू करू नका. प्रत्येक बंदराचं घड्याळ वेगळं. तक्ता पोर्ट ब्लेअरचाच हवा. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी असे तक्ते काढतं आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडे भरतीच्या वेळांसोबत लाटांच्या उंचीचा अंदाजही मिळतो. तो बोटीच्या आदल्या दिवशी बघण्यासाठी.

तारखा हाती आल्या की बोट. पोर्ट ब्लेअर शहरापासून बेट समुद्रमार्गे चाळीसेक किलोमीटर आहे. सरकारी बोट फिनिक्स बे धक्क्यावरून सुटते. ती स्वस्त, तिला दोन तासांच्या आसपास लागतात आणि वर मोकळ्या डेकवर उभं राहता येतं. खासगी जलद बोटी हॅडोच्या धक्क्यावरून निघतात. बहुतेक बंद आणि वातानुकूलित, वेळ कमी, भाडं जास्त. एका दिवसात परतायचं असेल तर नुसता वेग पाहून भागत नाही. सकाळी थेट शहीद द्वीपला जाणारी आणि दुपारी थेट शहराकडे येणारी अशी जोडी त्याच तारखेला मिळते का, हे आधी तपासायचं. काही फेऱ्या स्वराज द्वीपमार्गे जातात. त्यात बेटावरचे दोन तास कमी होतात. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकदमच काढा. हंगामात जायचं मिळतं आणि परतीचं संपलेलं असतं.

तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळलं पाहिजे. लग्नानंतर आधार एका नावाने आणि बँक, तिकीट दुसऱ्या नावाने, हे आपल्याकडे घरोघरी असतं. जे ओळखपत्र सोबत नेणार त्यावरचंच नाव भरा. मूळ कार्ड जवळ ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. भारतीयांना या बेटासाठी वेगळा परवाना लागत नाही.

धक्क्यावर सुटण्याच्या तासभर आधी पोहोचायचं. सामानाची तपासणी, ओळखपत्र, मग रांग. बोट वेळेवर सुटते आणि कुणासाठी थांबत नाही.

विमान शेवटी, आणि त्यात एक गोष्ट सांभाळायची. नागपूरहून थेट विमान नाही. कोलकाता, चेन्नई, हैदराबाद किंवा बंगळुरूला बदलावं लागतं. शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सोनेगाव विमानतळावर दिलेली बॅग थेट तिकडे मिळते आणि पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. बेटाची तारीख परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कधीच ठेवू नका. वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि बेटावर अडकलात तर विमान सुटतं. मध्ये किमान एक मोकळा दिवस हवा. मोसम म्हणाल तर डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र बहुधा शांत असतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरातली वादळं.

बोट लागणं हा आपल्या लोकांचा खरा त्रास. आमच्या ह्यांना घाटातली बसही लागते, म्हणून ही बाजू मी पक्की करून ठेवली आहे. उलटीची गोळी बोट सुटण्याआधी साधारण तासभर घ्यायची, डोलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, कारण तोवर पोट तिला ठेवून घेत नाही. गोळीने झोप येते. बीपीची किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. जागा खालच्या मजल्यावर, मधोमध किंवा थोडी मागे घ्या. नाकाडावर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, हेलकावा सर्वात जास्त बसतो, आणि वरच्या मजल्यावर वळणाचा झोलही लागतो. उपाशी पोटी जाऊ नका, तळलेलंही खाऊ नका. दोन इडल्या किंवा कोरडा टोस्ट आणि आल्याचा तुकडा पुरतो. डोळे मोबाइलवर नकोत, खिडकीतून क्षितिजावर ठेवा.

पिशवी दोघांत एकच. त्यात पाणी शिरणार नाही अशी छोटी ड्राय बॅग, तिच्यात फोन, रोकड आणि ओळखपत्रं. रोकड पुरेशी घ्या. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलं आहे, पण बेटावर ते ऐन वेळी रुसू शकतं. तिकिटं फोनमध्ये उतरवून ठेवा. दोघांना मिळून तीन लिटर पाणी, स्टीलच्या बाटल्यांतून. पूर्ण बाह्यांचे, लगेच वाळणारे कपडे, टोपी, एक पंचा, ओआरएसच्या पुड्या. आणि मागे पट्टा असलेले, पक्क्या तळाचे चप्पल-बूट. साधी रबरी चप्पल शेवाळावर पायातून निसटते.

ओआरएस का, तर आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम येतो आणि उडून जातो. तिथे हवा दमट, घाम अंगावरच राहतो, अंग थंड होत नाही, आणि मीठ मात्र जात असतं. पंचेचाळीस अंशांत वाढलेली माणसंही तिथे तीस-बत्तीसमध्ये थकतात. दुसरं, घड्याळ आपलंच पण सूर्य वेगळा. अंदमान आपल्या पूर्वेला साडेतेरा रेखांशांहून थोडं जास्त आहे, म्हणजे तिथली खरी दुपार आपल्यापेक्षा सुमारे पंचावन्न मिनिटं आधी होते. हिवाळ्यात पावणेसहाला उजाडलेलं असतं आणि सव्वापाचच्या आगेमागे सूर्य बुडतो. ऊन साडेअकराच्या सुमारास डोक्यावर असतं. पोहण्याचा बेत त्याच्या आधी उरका.

बेटावर उतरल्यावर धक्क्याबाहेर रिक्षा उभ्या असतात. दुचाकी भाड्याने मिळते, लायसन्स लागतं. बेट लहान आहे, चौदा चौरस किलोमीटरच्या आतबाहेर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीचे मळे, नारळ-सुपारी आणि केळी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं गेलं, त्यांनी ही शेती उभी केली. किनाऱ्यांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर.

रिक्षावाले दिवसभरात सगळे किनारे दाखवायला तयार असतात. माझं मत, दोनच घ्या. ज्या दोघांना शांतता हवी त्यांनी सकाळी उतरल्या उतरल्या लक्ष्मणपूर एक नंबरला जावं. तो सूर्यास्ताचा किनारा म्हणून प्रसिद्ध आहे, गर्दी सगळी संध्याकाळची. सकाळी लांबच लांब पांढरी वाळू आणि माणसं तुरळक. भरतपूर धक्क्याजवळ आहे, काचेच्या तळाच्या बोटी तिथेच, म्हणून गजबजही तिथेच. सीतापूर पूर्वेच्या टोकाला, शांत खरं, पण तिथे लाटा जोरात येतात.

सावलीची जागा निवडताना नारळाखाली बसू नका, फळ पडतं. त्या बेटांवर किनाऱ्यालगत समुद्री मोहाचे मोठे वृक्ष दिसतात; आपला मोह आणि चिकू ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. विदर्भातल्या माणसाला त्याच्याखाली बसायला आवडेल. वाळूतल्या बारीक माश्या हा इथला उपद्रव. डोळ्याला जेमतेम दिसतात, चावलेलं तेव्हा कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पायभर खाज सुटते. पहाटे आणि सूर्यास्ताला त्या जास्त असतात. पायांना खोबरेल तेलाचा जाड हात द्या आणि उघड्या वाळूवर लोळण्यापेक्षा चादर अंथरा.

पोहताना धोक्याचे फलक वाचा आणि जीवरक्षक नको म्हणाला तर नको. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीचं तोंड आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरायचंच नाही. अंबाझरीत किंवा तरण तलावात पोहायला शिकलेल्यांना ओढ माहीत नसते. पाणी आत खेचायला लागलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या आणि मग वळा. पोहता येत नसेल तर कमरेच्या वर पाणी नको.

जेवणाची ऑर्डर बाजारातल्या खानावळीत आधी सांगून ठेवली तर ताटकळावं लागत नाही. मासा-भात मिळतो, शाकाहाऱ्यांना डाळ, भाजी, भात. फोडणी मोहरीच्या तेलाची असू शकते. चालत नसेल तर सांगा.

मग लक्ष्मणपूर दोन नंबर. तो दगडी पूल इथेच. ओहोटीच्या ठरल्या वेळेच्या तासभर आधी तिथे पोहोचायचं, म्हणजे पाणी उतरत असताना जाता येतं आणि परतताना मागून भरती येत नाही. पायऱ्या उतरल्या की वाळू थोडीच, पुढे मेलेल्या प्रवाळाचा खडबडीत खडक आणि त्यावर हिरवं शेवाळ. पंधरा-वीस मिनिटं चालायचं. पाय ओल्या हिरव्यावर टाकायचा नाही, खडबडीत करड्यावर टाकायचा. डबक्यांमध्ये वाकून बघा. समुद्रकाकडी काळ्या पिशवीसारखी निपचित पडलेली असते, तिला हात लावायचा नाही. रिकामा वाटणारा शंख हातभर अंतरावर बसून मिनिटभर नुसता पाहत राहा: आधी दोन मिशा येतात, मग एक नांगी, आणि शंख चालू लागतो. आत मऊ पोटाचा खेकडा राहतो. वाढला की त्याला मोठा शंख लागतो, आणि तो किनाऱ्यावर सापडला नाही तर तो उघडा पडतो. शंख वेचून आणू नये ते यासाठी. प्रवाळ उचलणं तर वन्यजीव संरक्षण कायद्यानेच बंद आहे. मेलेला तुकडासुद्धा बॅगेत ठेवू नका, विमानतळावर तपासणीत तो निघतो आणि प्रकरण वाढतं.

परतीच्या बोटीच्या तासभर आधी धक्क्यावर, हे इथेही तसंच. मिठाचे कपडे बदलून बसा. वातानुकूलित बोटीत ओले बसलात की दोघंही कुडकुडता. बदलायची सोय सगळीकडे नसते, म्हणून जेवलात तिथेच विचारून घ्या. ओले कपडे वेगळ्या कापडी पिशवीत घाला आणि त्याच रात्री गोड्या पाण्यातून काढा. तिथल्या दमट हवेत ते सकाळपर्यंत वाळत नाहीत, पंख्याखाली पसरावे लागतात.

बोट रद्द झाल्याचा निरोप आला तर लगेच दुसऱ्या दिवसाची जागा मागा. पैसे परत मिळण्याची व्यवस्था नंतर बघता येते, जागा मात्र तासाभरात संपतात.