सहावं की सातवं? सिकलसेलचं प्रथिन डेटाबेसमध्ये शोधताना

विदर्भात, नंदुरबारकडे बायोटेक शिकणाऱ्यांच्या प्रोजेक्टमध्ये सिकलसेल हा विषय हमखास असतो. आजार आसपासचा, प्रथिन लहान, माहिती भरपूर आणि लागणारी सगळी साधनं फुकट. तरीही या प्रोजेक्टमध्ये एक चूक वारंवार दिसते: अमिनो आम्लाचा क्रमांक. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. क्लिनव्हार या जनुकीय बदलांच्या डेटाबेसमध्ये तोच बदल सातव्या जागी दाखवलेला असतो. बरोबर दोन्ही आहेत.

सुरुवात युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसपासून करावी. नुसतं ‘हिमोग्लोबिन बीटा’ शोधलं तर जगभरच्या प्राण्यांच्या नोंदी अंगावर येतात. डावीकडे ‘रिव्ह्यूड’ (तज्ज्ञांनी तपासलेल्या नोंदी) आणि मानव हे दोन फिल्टर लावा, किंवा इंग्रजी कीबोर्डवरून थेट नोंदक्रमांक पी६८८७१ टाका. लांबी १४७ अमिनो आम्लं. आता ‘पीटीएम/प्रोसेसिंग’ हा भाग उघडा. बहुतेक जण इथे फिरकत नाहीत आणि घोळाचं मूळ नेमकं इथेच आहे. पहिलं मेथिओनिन काढून टाकलं जातं आणि तयार साखळी २ ते १४७ अशी असते, असं तिथे दिलेलं आहे. म्हणजे रक्तात फिरणारी साखळी १४६ची. १९५०च्या दशकात व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा बदल शोधला तो प्रत्यक्ष प्रथिनाचे तुकडे करून, त्यामुळे त्या मोजणीत मेथिओनिन नव्हतंच. आजची जनुकीय नावं मात्र मेथिओनिनला १ धरून मोजतात.

सिक्वेन्सची, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमाची, सुरुवात बघा: एम-व्ही-एच-एल-टी-पी-ई-ई-के. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल: एम मेथिओनिन, ई ग्लुटामिक आम्ल, के लायसिन. दोन ई शेजारीशेजारी आहेत. बदलतो तो पहिला.

एरवी क्रमांक चुकला की सॉफ्टवेअर लगेच बोंब मारतं. मेथिओनिनसकटच्या सिक्वेन्सवर सहाव्या जागी ई शोधायला सांगितलं तर तिथे पी सापडतो आणि एरर येते. निदान चूक कळते तरी. उलट दिशेने मात्र फसगत होते. क्लिनव्हारमधला ‘सातवा’ क्रमांक घेऊन तुम्ही पीडीबी या त्रिमितीय रचनांच्या डेटाबेसमधल्या रचनेत गेलात, तर तिथली मोजणी जुन्या पद्धतीची असते. सातव्या जागी तिथेही ई आहेच, पण तो दुसरा! सॉफ्टवेअर निमूटपणे तोच बदलून देतं. याच कारणाने ‘ई७के’ (सातव्या ई-ऐवजी के) हे नाव नवीन मोजणीत हिमोग्लोबिन सी हा प्रकार दाखवतं आणि जुन्या मोजणीत हिमोग्लोबिन सिरिराज हा वेगळाच प्रकार. रिपोर्टमध्ये मोजणी कुठली ते लिहिलं नसेल तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

सिकलसेलच्या बीटा साखळीची युनिप्रॉटमध्ये वेगळी नोंद नाही. ती त्याच पानावर व्हेरिएंट म्हणून दिलेली आहे. त्यामुळे सिक्वेन्सची फास्टा फाइल उतरवून पहिला ई स्वतः बदलावा लागतो. बदलल्यावर मूळ आणि बदललेली अशा दोन्ही साखळ्या ईएमबीएल-ईबीआयच्या ‘नीडल’ या दोन सिक्वेन्स जुळवून पाहणाऱ्या साधनात टाकून फरक एकच आणि योग्य जागी आहे ना, हे पाहून घ्या. क्लस्टल ओमेगा इथे नको, ते अनेक सिक्वेन्ससाठी आहे.

सारखे सिक्वेन्स शोधणाऱ्या ब्लास्टबद्दल थोडक्यात. मोठ्या ‘एनआर’ डेटाबेसवर शोध घेतला तर पहिले १०० निकाल जवळपास सारख्याच नोंदींनी भरून जातात. चिंपांझीची बीटा साखळी तर आपल्यासारखीच, एकाही अक्षराचा फरक नाही. डेटाबेस स्विसप्रॉट (युनिप्रॉटमधला तपासलेला भाग) निवडला की चित्र स्पष्ट होतं: डेल्टा साखळी सुमारे ९३ टक्के सारखी, मायोग्लोबिन २५ टक्क्यांच्या आसपास. ई-व्हॅल्यू (इतकं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडेल याचा अंदाज) डेटाबेसच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून वेगवेगळ्या डेटाबेसमधल्या ई-व्हॅल्यूंची तुलना करू नये.

खरी मजा रचनेत आहे. पीडीबीत २एचबीएस ही ऑक्सिजनविरहित सिकल हिमोग्लोबिनची रचना आहे, रेझोल्यूशन २.०५ अँगस्ट्रॉम. फाइलमध्ये हिमोग्लोबिनचे दोन पूर्ण रेणू, म्हणजे ए ते एच अशा आठ साखळ्या. बीटा म्हणजे बी, डी, एफ आणि एच. चारही साखळ्यांतलं सहावं व्हॅलिन निवडून त्याच्या ५ अँगस्ट्रॉमच्या आत काय येतं ते पाहा. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतलं ८५वं फेनिलअॅलनिन आणि ८८वं ल्युसिन यांच्या तेलकट खोबणीत व्हॅलिन बसतं, आणि रेणूला रेणू चिकटत दोरा तयार होतो. चारही व्हॅलिन असे बसलेले दिसणार नाहीत. एका रेणूतल्या दोनपैकी एकच या जोडणीत येतं. गरज पडली तर स्फटिकातले शेजारी रेणू तयार करून बघावे लागतात.

तुलनेला निरोगी हिमोग्लोबिन घेताना तेही ऑक्सिजनविरहितच घ्या: १ए३एन किंवा ४एचएचबी. पुष्कळ जण ऑक्सिजनवालं १एचएचओ उचलतात आणि दुहेरी अडकतात. एक तर त्या अवस्थेत दोरा बनतच नाही. शिवाय त्या फाइलच्या मूळ एककात एक अल्फा आणि एक बीटा अशा दोनच साखळ्या आहेत. चार हव्या असतील तर ‘बायोलॉजिकल असेंब्ली’ उतरवावी लागते.

संगणकाने वर्तवलेल्या रचनांच्या अल्फाफोल्ड डेटाबेसमध्येही पी६८८७१चं मॉडेल आहे, पण या प्रश्नाला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यात एकटी साखळी असते, हीम (ऑक्सिजन धरणारा लोहयुक्त भाग) नसतो आणि मोजणी मेथिओनिनसकट, म्हणजे पीडीबीपेक्षा एकाने पुढे. बदललेला सिक्वेन्स देऊन नवं मॉडेल बनवलं तरी घडी जवळपास तशीच येणार, कारण या बदलाने घडी मोडतच नाही. बिघाड दोन रेणूंच्या मध्ये होतो. बदल घातक की निरुपद्रवी हे सांगणाऱ्या सिफ्ट, पॉलिफेन यांची मर्यादाही तीच. त्यांनी ‘चालेल’ असा शेरा दिला म्हणून सिकलसेल सौम्य ठरत नाही.

प्रोटपॅरम या सिक्वेन्सवरून गुणधर्म काढणाऱ्या साधनात वजन काढायचं असेल तर मेथिओनिन वगळून १४६चा सिक्वेन्स द्या. मूळ साखळीचं वजन सुमारे १५,८६७ डाल्टन येतं, मेथिओनिनसकट १५,९९८. २८० नॅनोमीटरच्या एक्स्टिंक्शन कोइफिशंटचे (प्रथिन किती प्रकाश शोषतं त्याचे) दोन आकडे मिळतात, १५,५९५ आणि १५,४७०. पहिल्यात सिस्टिनच्या जोड्या जुळल्या आहेत असं धरलेलं असतं. इथे ९३वं आणि ११२वं सिस्टिन मोकळं असतं, म्हणून दुसरा आकडा घ्यायचा. तोही हीम नसलेल्या साखळीपुरताच. हीम स्वतः २८०ला प्रकाश शोषतो, त्यामुळे रक्तातून काढलेल्या हिमोग्लोबिनची मात्रा या आकड्यावरून मोजली तर ती जास्त येते.