सासूबाईंची कात्रणं, अर्धं तिकीट आणि स्ट्रॉबेरीचा मेथांबा

आमच्या सासूबाई रोजचा पेपर दोनदा वाचतात. एकदा सकाळी चहाबरोबर, आणि दुपारी जेवणं आटपली की कात्री घेऊन पुन्हा. दुपारच्या वाचनात जे पसंतीला उतरतं ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जातं. पाककृती, गुडघेदुखीचे व्यायाम, कुणाचा तरी अग्रलेख, एसटीच्या सवलतींचे नियम, सगळा एकत्र काला. मुलं चिडवतात, "आजी, हे सगळं फोनवर मिळतं." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: "मिळतं ना? मग वाचलंस का?"

२०२६ च्या जानेवारीत साताऱ्याला नव्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, विश्वास पाटलांच्या अध्यक्षतेखाली. सासूबाईंचं माहेर वाई, त्यामुळे जिल्ह्यात संमेलन म्हणजे घरचं कार्य. पण नेमके त्याच आठवड्यात आमच्याकडे सगळे आळीपाळीने तापाने झोपले आणि त्यांना संमेलन टीव्हीवर बघावं लागलं. तो राग काही केल्या जाईना. शेवटी एका शुक्रवारी रात्री त्यांनी डबा टेबलावर उपडा केला, तीन कात्रणं बाजूला काढली आणि मला म्हणाल्या, "उद्या मला सुट्टी आहे. तुलाही आहे. चल."

पहिलं कात्रण २०१७ सालचं, पिवळं पडलेलं: भिलार, पुस्तकांचं गाव. दुसरं २०२५ च्या जुलैतलं: शिवरायांचे किल्ले जागतिक वारसा यादीत. तिसऱ्यावर तारीखच नव्हती. 'स्ट्रॉबेरीचा मेथांबा', आणि मागच्या बाजूला अर्धवट कापलेली स्थळाची जाहिरात, 'मुलगा सुस्वभावी, स्वतःचा' एवढीच. स्वतःचा काय, ते कात्रीने नेलं.

ह्यांनी गाडीने सोडतो म्हणून बघितलं, पण छे. एसटीच. पंचाहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून राज्यभर एसटीचा प्रवास मोफत, आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. म्हणजे आम्हा दोघींचं मिळून भाडं अर्ध्या माणसाचं. स्वारगेटला कंडक्टरने त्यांचं आधारकार्ड बघून "बसा आजी" म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असा कटाक्ष टाकला की जणू ही योजना त्यांनीच मंत्रिमंडळात मांडली होती.

पुण्याहून जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागला. बोगदा आमच्या नशिबी येतानाच. घाट उतरला, सुरूरला गाडी उजवीकडे वळली आणि सासूबाईंची भाषा बदलली. खरंच. पुण्यात "अगं, ऐकतेस का" म्हणणारी बाई वाईच्या शिवेवर "आगं, बघ की तिकडं" म्हणायला लागते.

वाईत आधी ढोल्या गणपती. एका दगडात घडवलेली ही भलीथोरली मूर्ती आणि देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये उभं केलं. सगळे समोरून दर्शन घेतात आणि जातात. सासूबाई मला मागे घेऊन गेल्या. देवळाची मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं, भिंतीवर धडका देत बसत नाही. सिमेंटच्या आधीचं काम आहे हे. मी त्या टोकावरून हात फिरवला तर दगड गुळगुळीत आणि उन्हातही गार.

मग विश्वकोशाच्या कार्यालयावरून एक फेरी, कारण ती नाही झाली तर वाईला आल्यासारखं त्यांना वाटत नाही. शनिवार, दार बंद. तरी बाहेर उभं राहून मला पाठ ऐकावा लागला: तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, पहिला खंड १९७६ चा आणि विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडलं. माझ्या मनात आलं की चाळीस वर्षं हा वेळ फार लागला की कमी? अख्ख्या जगाची माहिती मराठीत लिहून काढायची तर मला कमीच वाटतो. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं काम किती वर्षं रेंगाळलंय ते मी इथे लिहीत नाही. विश्वकोश आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो, हे मी सांगितलं तेव्हा सासूबाई पहिल्यांदाच फोनबद्दल "बरं आहे" म्हणाल्या.

पसरणी घाटाची वळणं घेत पाचगणी, तिथून पुढे महाबळेश्वरच्या रस्त्यावरून आत वळलं की भिलार. ४ मे २०१७ ला राज्य सरकारने हे पुस्तकांचं गाव सुरू केलं, तेव्हा पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं ठेवली होती. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून घेतलेली, पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, इथे लोकांची राहती घरं. कुणाच्या ओसरीवर इतिहास, कुणाच्या माजघरात कविता, कुणाकडे बालसाहित्य. बाहेर चपला काढायच्या, आत जायचं, हवं ते पुस्तक घ्यायचं आणि बसायचं. विकत काही नाही आणि घरी न्यायचंही नाही. मला वाटलं होतं की एवढा गाजावाजा झालेल्या ठिकाणी फोटो काढणारेच भेटतील. होतेही. पण एका घरात आम्ही शिरलो तेव्हा आतली आजी शेंगा सोलत होती, आणि समोर शहरी कपड्यांतला एक मुलगा खुर्चीवर पाय घेऊन इतका गढून वाचत होता की तिने ठेवलेला चहा त्याच्याशेजारी निवून गेला होता. तिने तो उचलला, आत जाऊन गरम केला आणि परत आणून ठेवला. दोघांत एक शब्द झाला नाही.

सासूबाई दिवाळी अंकांत शिरल्या. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही आपली खोड, आणि त्यांच्या मते अंक कथांसाठी घ्यावा पण वाचावा जाहिरातींसाठी. मी आत्मचरित्रं उघडली. त्यातल्या एकाच्या समासात वाचकांची पेन्सिलीने जुंपलेली होती. लेखकाने आपल्या बालपणच्या गरिबीबद्दल दोन पानं लिहिली होती. शेजारी कुणीतरी बारीक अक्षरात, 'वडील मामलेदार होते ना?' त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, 'मामलेदारांचा पगार तुम्हाला माहीत आहे का?' आणि तळाशी तिसऱ्याने दोघांनाही बजावलं होतं, 'पुस्तकावर लिहू नये.' पेनाने. मी ते पुस्तक जवळजवळ शंभर पानं फक्त समास वाचत वाचलं.

रात्री मुक्काम तिथेच एका घरी. जेवणात घेवड्याची उसळ, ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि ते उगीच नाही. शिजला तरी दाणा दाणा वेगळा, आणि रस्सा आपोआप दाट. सासूबाईंनी दोनदा घेतला आणि घरच्या बाईला सांगितलं की मीठ चिमूटभर जास्त आहे. मी भाकरीत तोंड लपवलं.

सकाळी शेतात नेलं त्यांनी. स्ट्रॉबेरी म्हटलं की आपल्याला साय घातलेला उंच ग्लासच आठवतो. प्रत्यक्षात हे पीक जमिनीलगत, वाकायला लावणारं. गादीवाफे, त्यांवर काळा प्लास्टिकचा कागद, कागदाला भोकं, भोकातून एकेक रोप, खालून ठिबकची नळी. फळाला हात लावायचाच नाही, देठ नखाने खुडायचा, हिरव्या टोपीसकट. ओढलं तर टोपी निघते आणि फळ दुपारपर्यंत पाणी सोडतं. आणखी एक गोष्ट कळली ती बाजारात कामाची आहे: स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंबा अढीत घालता येतो, हिला ती सोय नाही. रंग थोडा गडद होईल, पण गोडी झाडावर होती तेवढीच. म्हणून देठापाशी पांढरं राहिलेलं फळ "घरी ठेवा, होईल" असं कुणी म्हणालं तर हसून पुढे जावं. किंवा सासूबाईंसारखं तेच मुद्दाम मागून घ्यावं. "मला आंबट द्या. मेथांब्याला." शेतकरी दादांनी आयुष्यात पहिल्यांदाच असं गिऱ्हाईक पाहिलं असावं.

रविवारी जीप ठरवून महाबळेश्वरमार्गे आंबेनळी घाटातून प्रतापगड. वाटेत बारा किल्ल्यांची उजळणी. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत जे लागले ते: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. बोटांवर मोजले तर दर वेळी अकरा. कात्रण पिशवीच्या तळाशी, आणि वळणावर वाकायची सोय नाही. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, "आजी, खांदेरी राहिला."

मोरोपंत पिंगळ्यांनी १६५६ मध्ये बांधून घेतलेला हा गड खालून बघितला की कळतं, महाराजांनी खानाला इथेच का बोलावलं. जावळीचं रान आजही माणसाला लहान करून टाकतं. मोठं सैन्य, हत्ती, तोफा घेऊन इथे यायचं म्हणजे आपली सगळी ताकद खिंडीबाहेर ठेवून यायचं.

सासूबाई भवानीच्या देवळापर्यंत सावकाश आल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही इथे बसा, मी वर पुतळा बघून येते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग सांगायला लागल्या. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू त्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणाला आले. संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं होतं, ठिकठिकाणहून माणसं काळे झेंडे घेऊन आली. त्यात त्यांचे वडील होते. "घरी आले तर आवाजच नाही. दोन दिवस खुणेनं पाणी मागायचे. आई विचारायची, अहो, महाराजांच्या पुतळ्याला कसला विरोध? तर पाटीवर लिहून दाखवलं, पुतळ्याला नाही, महाराष्ट्र दिला नाही म्हणून." पुतळा मात्र वडिलांनी त्या दिवशी पाहिला नव्हता. नंतरही जाणं झालं नाही.

एवढं बोलून त्यांनी काठी उचलली. दर दहा-बारा पायऱ्यांनी थांबत, मधे कोकम सरबत पीत, वर पोचल्या. पुतळ्याकडे बघून म्हणाल्या, "घोडा छान आहे." आणि मला तिथे उभं करून फोटो काढायला लावला, त्यांचा नव्हे, नुसत्या घोड्याचा.

येताना बोगदा. अर्ध्या माणसाचं भाडं. मांडीवर आंबट स्ट्रॉबेरीचा डबा.

मेथांब्याची कृती, कात्रणाप्रमाणे आणि सासूबाईंच्या दुरुस्त्यांसकट: अर्धा किलो आंबटसर स्ट्रॉबेरी धुऊन, टोप्या काढून, दोन-दोन तुकडे. आधी धुवायची आणि मगच टोपी काढायची, नाहीतर पाणी आत जातं. दोन चमचे तेलात मोहरी, मग अर्धा चमचा मेथीदाणे. ते तांबूस झाले की लगेच हिंग आणि हळद. मेथी काळी झाली तर टाकून पुन्हा सुरुवात करा, गूळ घालून ती लपत नाही. तुकडे घाला, मीठ, एक चमचा लाल तिखट, झाकण न ठेवता पाच मिनिटं. मग पाऊण वाटी चिरलेला गूळ. कात्रणात 'साखर' छापलंय, त्यावर पेनाने काट मारलेली आहे. रस तारेला यायच्या आधी उतरवा, गार होताना आणखी घट्ट होतो. भाकरीबरोबर खा. ब्रेडला लावून खाल्लात तर सासूबाईंच्या कानावर घालू नका.