लिफ्ट केल्यावर गाडी थरथरते, शाफ्ट बॅलन्स करू का?

हे विचारणारे बरेच जण असतात. लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंगांचा संच टाकला, गाडी दिसायला झक्कास झाली, पण ताशी ऐंशीच्या वर गेलं की सीटखाली घुर्रर्र सुरू. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, बॅलन्सिंगचे पैसे आत्ताच घालवू नका. स्प्रिंग बदलल्याने शाफ्टचा, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, बॅलन्स जात नाही, बदललाय तो अँगल.

गाडीबरोबर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स, वर गेली, अॅक्सल मात्र चाकांसोबत होता तिथेच, मग मधला शाफ्ट जास्त तिरका होणारच. साधा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजवाले ज्याला क्रॉस म्हणतात तो, तिरका फिरला की शाफ्ट एका फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा रेंगाळतो. 10 डिग्रीला हा फरक वर-खाली दीड टक्का, 20 डिग्रीला सहाच्या आसपास, म्हणजे अँगल दुप्पट आणि त्रास चौपट! दुसऱ्या टोकाचा क्रॉस हा फरक मोडून काढतो, पण दोन्हीकडचे अँगल सारखे असले आणि शाफ्टचे दोन्ही योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत असले तरच.

त्यामुळे दोन्हीकडे साधे क्रॉस असतील तर ट्रान्सफर केसचा आउटपुट आणि डिफरेन्शियलचा पिनियन (शाफ्ट जिथे जोडतो तो गिअर) एकमेकांना समांतर हवेत. वरच्या टोकाला डबल कार्डन, म्हणजे दोन क्रॉस जवळजवळ बसवलेला जॉइंट असेल तर हिशोब वेगळा, तिथे पिनियनचं तोंड सरळ शाफ्टकडे हवं. मागे पाट्यांची स्प्रिंग असेल तर पिनियन एक-दोन डिग्री खाली ठेवा, अॅक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात आणि पिनियन आपोआप वर येतो. आणि अँगल मोजताना गाडी सपाट जागेवर, वजन चाकांवर, जॅकवर लटकवून मोजलेलं सगळं फुकट.

त्याआधी थरथर नक्की शाफ्टचीच का ते बघा. 31 इंची टायर आणि डिफरेन्शियलचा 4.1 चा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या 4.1 फेऱ्या) धरला तर 100 च्या स्पीडला चाक सेकंदाला 11 फेऱ्या मारतं, शाफ्ट 46, आणि क्रॉसचा धक्का फेरीला दोनदा म्हणजे 92. स्टिअरिंग हलतंय, धडधड सुटी सुटी जाणवेल इतकी सावकाश आहे तर टायर बघा. बारीक गुणगुण असेल आणि पाय दाबला-सोडला की बदलत असेल तर शाफ्टवर संशय घ्या.

उपाय म्हणाल तर पाट्यांखाली पाचर, कॉइल असेल तर अॅडजस्टेबल कंट्रोल आर्म, म्हणजे अॅक्सल जागेवर धरणारे कमी-जास्त लांबीचे दांडे. ट्रान्सफर केस खाली उतरवायचे स्पेसर स्वस्त पडतात पण मला ते पटत नाहीत, क्लिअरन्ससाठी गाडी उचलायची आणि मधला भाग परत खाली आणायचा, हे काय? लिफ्ट मोठा आणि मागचा शाफ्ट आखूड असेल तर स्लिप योक (मागेपुढे सरकणारा) काढून फिक्स योक आणि डबल कार्डनचा लांब शाफ्ट, खर्चिक आहे पण काम कायमचं होतं. पुढच्या अॅक्सलला मात्र पिनियन वर फिरवताना जपून, तेवढाच कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव, कमी होतो आणि मग गाडी रस्त्यावर भरकटायला लागते.