माशी घाणीत बसते, मग तिला काही होत कसं नाही?

मी लॅबमध्ये चिलटांवर काम करते, पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना तीच, सायन्समध्ये ड्रोसोफिला म्हणतात, आणि हे कळलं की घरी आलेला पाहुणा हमखास हाच प्रश्न टाकतो. तुम्हीपण विचारलंत म्हणून नीट सांगते.

होतं हो, माश्यापण आजारी पडतात, मरतात. पण बऱ्याचदा निभावतात आणि तेही अँटिबॉडीज नसताना, याचंच मला इतक्या वर्षांनीही नवल वाटतं.

आम्ही माशीला गुंगी देऊन जिवाणूत बुडवलेली बारीक सुई तिच्या छातीत टोचतो. थोड्या वेळाने मायक्रोस्कोपखाली बघितलं तर तिथे आधी तपकिरी, मग काळा ठिपका धरलेला असतो. ते मेलॅनिन, आपले केस काळे करतं त्याच जातीचं. जखम बुजते आणि ते बनताना जी जहाल रसायनं सुटतात ती जंतूंनाही मारतात. आत रक्तपेशी जंतू गिळत असतात. पण खरी कमाल फॅट बॉडीची, म्हणजे चरबीचा अवयव, आपल्या लिव्हरसारखं काम करणारा. तो काही तासांत रक्तात छोटी छोटी पेप्टाइड्स, म्हणजे प्रोटीनचे लहान तुकडे, सोडतो आणि त्यातली काही जिवाणूच्या आवरणाला चक्क भोकं पाडतात. असलं पेप्टाइड, सेक्रोपिन, हान्स बोमन यांच्या टीमने 1981 मध्ये स्वीडनमध्ये एका पतंगाच्या कोषातून वेगळं काढलं.

शत्रू आलाय हे कळतं कसं? जिवाणूच्या किंवा बुरशीच्या भिंतीच्या तुकड्यांवरून. त्यासाठी दोन अलार्म आहेत, टोल आणि आयएमडी. टोल बिघडलेल्या माश्या बुरशीने मरतात हे 1996 मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या लॅबने दाखवलं, बुरशीने मढलेल्या त्या मेल्या माशीचा फोटो मी कधी विसरणार नाही. मग टोलचे भाऊबंद माणसातही सापडले आणि 2011 च्या नोबेलमध्ये हॉफमनही होते.

ई. कोलाय हा जिवाणू टोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळ्यांमधल्या माश्या मोजायला जाते. आयएमडी बिघडलेल्या बऱ्याच तळाशी आडव्या पडलेल्या असतात. बाकीच्या, नळीवर टिचकी मारली की भराभरा काचेवर चढतात, छातीवर तो काळा ठिपका घेऊन.